विद्युतदाबाच्या उसळीपासून घरगुती उपकरणांचे संरक्षण

वीजपुरवठ्यातील दाब त्याच्या ठरावीक मूल्यापेक्षा अत्यल्प काळासाठी अनेक पटींनी वाढणे, यास विद्युतदाबाची उसळी असे म्हणतात. ‘सर्ज’ हा इंग्रजी शब्दही मराठीत रूढ झाला असून बोलीभाषेत ‘हाय व्होल्टेज आले’, ‘लाइट जास्त आली’ अशा शब्दांत या घटनेचे वर्णन केले जाते. दूरचित्रवाणी संच, शीतकपाट, धुलाईयंत्र, संगणक, राउटर, एलईडी दिवे अशी अर्धवाहकांवर आधारलेली उपकरणे या उसळीमुळे निकामी होऊ शकतात. प्रसंगी आगही लागते. उसळीपासून संरक्षण मिळवण्यासाठी योग्य भूसंपर्कन, उसळीरोधक साधने, अतिदाब होताच पुरवठा तोडणारी साधने आणि वापराच्या काही सवयी यांचा एकत्रित उपयोग केला जातो. सर्व प्रकारच्या बिघाडांवर पुरेसे ठरेल असे एकच साधन उपलब्ध नाही, ही या विषयातील मूलभूत बाब होय.

पार्श्वभूमी

भारतात घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्ट दाबाचा व ५० हर्ट्झ वारंवारतेचा असतो. प्रत्यावर्ती प्रवाहाच्या बाबतीत २३० हे परिणामी मूल्य आहे. प्रत्येक आवर्तनात दाब क्षणभर सुमारे ३२५ व्होल्ट या शिखरापर्यंत पोहोचतो. उपकरणांची रचना करताना हे शिखरमूल्य गृहीत धरलेले असते.

गावातील किंवा गल्लीतील रोहित्रातून तीन फेजच्या तारा आणि एक न्यूट्रल तार निघते. कोणतीही एक फेज व न्यूट्रल यांच्या दरम्यान २३० व्होल्ट, तर कोणत्याही दोन फेजच्या दरम्यान ४०० व्होल्ट दाब असतो. बहुतेक घरांना एकच फेज व न्यूट्रल दिलेली असते. शेजारच्या घरांना वेगवेगळ्या फेज दिलेल्या असल्या, तरी न्यूट्रल सर्वांची सामाईक असते. पुढे वर्णन केलेल्या एका गंभीर बिघाडाचे मूळ या रचनेत आहे.

भारतीय विद्युत नियम, १९५६ यांनुसार लघुदाब पुरवठ्यात ठरावीक दाबाच्या ६ टक्क्यांपर्यंतच चढउतार अनुज्ञेय होता. २३० व्होल्टच्या पुरवठ्यासाठी ही मर्यादा साधारणतः २१६ ते २४४ व्होल्ट अशी येते. प्रत्यक्षात लांब वाहिनीच्या टोकाकडील घरांत सायंकाळी दाब बराच खाली जातो. उलट रोहित्राजवळच्या घरांत मध्यरात्रीनंतर, मागणी घटल्यावर, तो वर चढतो.

बिघाडांचे प्रकार

‘व्होल्टेज वाढले’ या एकाच वाक्याने परस्परांहून भिन्न अशा घटनांचा उल्लेख केला जातो. त्यांवरील उपाय वेगवेगळे असल्यामुळे हा भेद समजणे आवश्यक ठरते.

क्षणिक उसळी: हिचा कालावधी काही मायक्रोसेकंदांपासून काही मिलिसेकंदांपर्यंत असतो, दाब मात्र शेकडो ते हजारो व्होल्टपर्यंत जातो. दिव्याची ज्योत लखलखण्याइतकाही अवधी अनेकदा मिळत नाही. ‘उसळी’ हा शब्द काटेकोर अर्थाने या प्रकारासाठीच वापरला जातो.

तात्पुरता अतिदाब: यात दाब ३०० ते ४०० व्होल्टच्या आसपास जातो आणि काही सेकंदांपासून काही तासांपर्यंत टिकतो. दिवे प्रखर होतात, पंखे वेगाने फिरू लागतात. घरगुती उपकरणे एकाच वेळी मोठ्या संख्येने जळण्याच्या घटना बहुधा या प्रकारात मोडतात.

अल्पदाब: दाब १८० व्होल्टच्याही खाली जातो. शीतकपाट, वातानुकूलन यंत्र व पाण्याचा पंप यांच्या मोटारी सुरू होऊ शकत नाहीत, अधिक प्रवाह ओढतात आणि तापून जळतात.

या तीन घटनांचा फरक नळाच्या पाण्यावरून समजू शकतो. वेगाने वाहणाऱ्या पाण्याचा नळ एकदम बंद केला असता नळीत ‘धप्प’ असा आवाज होतो. तो क्षणिक धक्का म्हणजे उसळी. टाकीची उंची वाढल्याने दाब सतत अधिक राहणे म्हणजे तात्पुरता अतिदाब आणि वरच्या मजल्यावर पाणीच न चढणे म्हणजे अल्पदाब.

कारणे

आकाशातील वीज

वीज कोसळताना वाहणारा प्रवाह सामान्यतः हजारो अँपिअर असतो. तीव्र तडाख्यात तो २,००,००० अँपिअरपर्यंत जाऊ शकतो. घरावर किंवा खांबावर वीज थेट पडलीच पाहिजे असे नाही. काही शेकडो मीटर अंतरावर पडलेल्या विजेचे वेगाने बदलणारे चुंबकीय क्षेत्र तारांमध्ये विद्युतचुंबकीय प्रवर्तनाने उसळी निर्माण करते. उघड्यावरील लांब तारा असलेल्या ग्रामीण वाहिन्यांवर हा परिणाम अधिक दिसतो, भूमिगत केबल असलेल्या भागांत तो तुलनेने कमी असतो.

वाहिनीवरील उघडझाप

उपकेंद्रातील स्विच उघडणे वा मिटणे, धारित्रसंच जोडणे, मोठ्या कारखान्याचा भार एकाएकी तुटणे यांमुळे वाहिनीत उसळी उद्भवते. खंडित पुरवठा पूर्ववत होताना, विशेषतः तो पाठोपाठ दोनतीनदा येतो-जातो तेव्हा, उपकरणांवर ताण पडतो.

घरातील उपकरणे

बहुसंख्य लहान उसळ्या घरातच जन्म घेतात. मोटार किंवा कॉम्प्रेसर बंद होताना त्याच्या वेटोळ्यात साठलेली चुंबकीय ऊर्जा एकदम मोकळी होते व तारेत धक्का देते. मिक्सर, पाण्याचा पंप, शीतकपाट, वातानुकूलन यंत्र ही अशी उपकरणे होत. एकेक उसळी निरुपद्रवी असली, तरी अशा हजारो उसळ्यांनी इलेक्ट्रॉनिक घटकांचे आयुष्य घटते.

न्यूट्रल तुटणे

रोहित्राकडील सामाईक न्यूट्रल तार तुटली किंवा तिचा जोड सैल झाला, तर निरनिराळ्या फेजवरील घरे एकमेकांशी एकसरीत जोडल्यासारखी होतात आणि ४०० व्होल्टचा दाब त्यांच्यात असमान वाटला जातो. उदाहरणादाखल दोन फेजवरील दोन घरे घेऊ. पहिल्या घरात १०० वॅटचा, तर दुसऱ्या घरात ९०० वॅटचा भार चालू आहे. २३० व्होल्टच्या हिशोबाने पहिल्या घराचा रोध सुमारे ५२९ ओहम व दुसऱ्याचा सुमारे ५९ ओहम येतो. न्यूट्रल तुटताच ४०० व्होल्ट या रोधांच्या प्रमाणात विभागले जातात: पहिल्या घरात सुमारे ३६० व्होल्ट आणि दुसऱ्यात अवघे ४०. ज्या घरात कमी उपकरणे चालू असतात त्याच घरावर अधिक दाब येतो. रात्री केवळ शीतकपाट, राउटर आणि एखादा दिवा चालू असलेल्या घराचे मोठे नुकसान होते, त्याचे कारण हेच.

तारांचा परस्परस्पर्श

वादळात झाडाची फांदी पडून किंवा खांब वाकून ११,००० व्होल्टच्या उच्चदाब वाहिनीची तार खालील लघुदाब तारेला टेकल्यास अत्यंत घातक दाब घरांत शिरतो. असा बिघाड विरळ असला, तरी त्यात जीवितहानीचा धोका असतो.

उपकरणांवरील परिणाम

जुन्या पद्धतीचा तंतुदीप किंवा साधी मोटार अल्पकालीन अतिदाब बऱ्याच अंशी सहन करीत असे. अर्धवाहक घटकांचे तसे नाही. त्यांतील विसंवाहक थर इतके पातळ असतात की क्षणभराचा अधिक दाबही ते भेदून जातो.

मोबाइलचा चार्जर, एलईडी दिवा, दूरचित्रवाणी संच व संगणक यांच्या वीजपुरवठा-मंडलात प्रथम प्रत्यावर्ती दाबाचे एकदिश दाबात रूपांतर होते व तो एका धारित्रात साठवला जातो. हे धारित्र सामान्यतः ४०० किंवा ४५० व्होल्ट क्षमतेचे असते. नेहमीच्या ३२५ व्होल्ट शिखरासाठी ते पुरेसे असते. न्यूट्रल तुटून ३६० व्होल्ट आल्यास शिखरमूल्य ५०० व्होल्टच्या पुढे जाते. धारित्र फुगते, फुटते आणि त्यामागोमाग अन्य घटकही जळतात. ‘टीव्हीतून फट्ट आवाज आला व धूर निघाला’ या नेहमीच्या तक्रारीमागे बहुधा हीच घटना असते.

हानीचे स्वरूप तीन प्रकारचे असते. पहिला प्रकार तत्काळ बिघाडाचा. दुसरा प्रकार सुप्त हानीचा: उपकरण चालू राहते, पण दुर्बल झालेला घटक काही आठवड्यांनी वा महिन्यांनी बंद पडतो आणि मूळ कारण लक्षात येत नाही. तिसरा प्रकार माहितीच्या हानीचा: संगणकाच्या साठवण-तबकडीवरील लेखन अर्धवट राहिल्याने संचिका नष्ट होतात. याखेरीज जुनाट वायरिंगमधील आवरण भेदले गेल्यास ठिणगी पडून आग लागू शकते.

आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाच्या मानकांत २३०/४०० व्होल्ट प्रणालीतील उपकरणांचे उसळी सहन करण्याच्या क्षमतेनुसार चार वर्ग केले आहेत. वीजमीटरसारखी प्रवेशस्थानची साधने ६,००० व्होल्ट, वितरण फलकातील साधने ४,००० व्होल्ट, सामान्य घरगुती उपकरणे २,५०० व्होल्ट आणि संवेदनशील इलेक्ट्रॉनिक उपकरणे १,५०० व्होल्टपर्यंतची क्षणिक उसळी सहन करतील, अशी अपेक्षा असते. प्रवेशापासून सॉकेटपर्यंत उसळी टप्प्याटप्प्याने खाली आणावी, हे संरक्षणाचे धोरण या वर्गीकरणावरच उभे आहे.

संरक्षक साधने

उसळीरोधक साधन

या साधनाला इंग्रजी आद्याक्षरांवरून एसपीडी असे म्हणतात. त्याचे कार्य धरणाच्या सांडव्यासारखे असते: पातळी मर्यादेत असताना ते निष्क्रिय राहते, मर्यादा ओलांडताच जादा प्रवाह जमिनीकडे वळवते. त्यात पुढील घटक वापरले जातात.

व्हॅरिस्टर: झिंक ऑक्साइडच्या कणांपासून बनवलेली ही चकती नेहमीच्या दाबाला विसंवाहकासारखी वागते, दाब वाढताच तिचा रोध वेगाने घटतो. २३० व्होल्टच्या पुरवठ्यासाठी २७५ किंवा ३२० व्होल्ट क्षमतेच्या चकत्या वापरल्या जातात.

वायुनलिका: बंद नळीतील वायू ठरावीक दाबाला आयनीभूत होऊन प्रवाहाला वाट देतो. ही नलिका मोठा प्रवाह पेलते, परंतु व्हॅरिस्टरपेक्षा सावकाश कार्यान्वित होते.

संरक्षक डायोड: हा अतिशय जलद प्रतिसाद देतो, परंतु अल्प ऊर्जाच पेलू शकतो. म्हणून तो उपकरणाच्या आतील मंडलात व माहितीवाहक तारांवर वापरला जातो.

उसळीरोधक साधनांचे तीन प्रकार केले जातात. प्रकार १ हे थेट तडाख्याच्या प्रवाहासाठी असते. इमारतीवर तडित्‌रक्षक बसवलेला असल्यास ते प्रवेशस्थानी लावतात. प्रकार २ हे घराच्या वितरण फलकात बसवतात व बहुतेक घरांसाठी तेच मुख्य संरक्षण होय. प्रकार ३ हे उपकरणाजवळील सॉकेटवर असते; उत्तम दर्जाचा उसळीरोधक विस्तारफलक हे त्याचे परिचित उदाहरण आहे. प्रकार ३ हे प्रकार २ ला पूरक असते, पर्याय नव्हे.

साधनावर छापलेल्या आकड्यांपैकी तीन महत्त्वाचे असतात: ते सतत सहन करू शकेल असा दाब, उसळीच्या वेळी त्याच्या पलीकडे जाणारा शिल्लक दाब आणि ते पेलू शकेल असा प्रवाह. घरगुती प्रकार २ साधनांवर २० किंवा ४० किलोअँपिअर असे आकडे आढळतात. शिल्लक दाब १,५०० व्होल्टपेक्षा कमी असणे इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या दृष्टीने इष्ट असते.

व्हॅरिस्टर प्रत्येक मोठ्या उसळीगणिक झिजतो. झिजलेला व्हॅरिस्टर नेहमीच्या दाबालाही थोडा प्रवाह वाहू देतो, तापतो आणि पेट घेऊ शकतो. म्हणून चांगल्या साधनांत उष्णता वाढताच त्याला मंडलातून तोडणारी योजना असते आणि त्याची स्थिती दर्शवणारी हिरवी-लाल खिडकी असते. खिडकी लाल झाल्यास साधन किंवा त्यातील बदलता येणारा भाग त्वरित बदलावा लागतो.

अतिदाब-विच्छेदक

उसळीरोधक साधन मायक्रोसेकंदांच्या घटनेसाठी घडवलेले असते. ३६० व्होल्टचा दाब तासभर टिकला, तर २७५ व्होल्ट क्षमतेचा व्हॅरिस्टर तो जमिनीकडे वळवू शकत नाही. तो स्वतःच जळतो. अशा वेळी पुरवठा तोडणे हाच उपाय उरतो. दाब ठरवलेल्या मर्यादेबाहेर, उदाहरणार्थ २७० व्होल्टच्या वर किंवा १७० व्होल्टच्या खाली, गेल्यास हे विच्छेदक पुरवठा तोडतात आणि दाब पूर्ववत झाल्यावर काही अवधीने तो जोडतात. न्यूट्रल तुटण्याच्या बिघाडावर वितरण फलकातील असे विच्छेदक सर्वाधिक उपयुक्त ठरतात. कृषिपंपांसाठी ग्रामीण भागात वापरले जाणारे सिंगल फेज प्रिव्हेंटर हेही विच्छेदनाच्या तत्त्वावरच चालते. एक फेज गेल्यास ते मोटार बंद करते.

स्टॅबिलायझर

स्टॅबिलायझर रोहित्राच्या वेटोळ्यांची जोडणी बदलून सावकाश होणारा चढउतार दुरुस्त करतो. जोडणी बदलण्यास त्याला काही मिलिसेकंद वा त्याहून अधिक वेळ लागतो. त्यामुळे अल्पदाबावर तो उपयोगी असला, तरी मायक्रोसेकंदांच्या उसळीला तो अडवू शकत नाही. मर्यादेबाहेरील दाबाला पुरवठा तोडण्याची सोय असलेले स्टॅबिलायझर तुलनेने अधिक सुरक्षित असतात.

इन्व्हर्टर व यूपीएस

घरगुती इन्व्हर्टर आणि साधे यूपीएस वीज असताना बाहेरचाच पुरवठा उपकरणांकडे जाऊ देतात. वीज गेल्यावर बॅटरीकडे वळतात. दाब मर्यादेबाहेर गेल्यास बॅटरीकडे वळणारी साधने तात्पुरत्या अतिदाबापासून काही संरक्षण देतात. ऑनलाइन प्रकारच्या यूपीएसमध्ये पुरवठा प्रथम एकदिश व नंतर पुन्हा प्रत्यावर्ती केला जातो. त्यामुळे त्याचे संरक्षण अधिक असते. किंमतही अधिक असते.

एमसीबी, फ्यूज व आरसीसीबी

एमसीबी आणि फ्यूज जादा प्रवाहावर, तर आरसीसीबी जमिनीकडे होणाऱ्या गळतीवर कार्य करतात. घरगुती आरसीसीबी सामान्यतः ३० मिलिअँपिअर गळतीला पुरवठा तोडते व विजेच्या धक्क्यापासून माणसाचे रक्षण करते. ही साधने अत्यावश्यक आहेत, परंतु ती दाबावर लक्ष ठेवत नाहीत; उसळीपासून उपकरणांचे संरक्षण हे त्यांचे कार्य नव्हे.

भूसंपर्कन

उसळीरोधक साधन जादा प्रवाह जमिनीकडे वळवते. ती वाट खराब असेल तर महागडे साधनही अपुरे पडते. भूसंपर्कन, ज्याला बोलीत अर्थिंग म्हणतात, त्यासाठी जमिनीत नळी किंवा पट्टी पुरून तिला जाड वाहक जोडतात. भारतात याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस ३०४३ या संहितेत दिली आहेत. तडित्‌रक्षणासाठीच्या भूसंपर्कनाचा रोध १० ओहमपेक्षा कमी असावा, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय मानकात आहे.

मातीचा प्रकार व ओलावा यांवर हा रोध अवलंबून असतो. दख्खनच्या पठारावरील कातळ आणि कोकणातील जांभा खडक यांत चांगले भूसंपर्कन मिळणे कठीण जाते. काळ्या मातीत पावसाळ्यात रोध कमी असतो. उन्हाळ्यात माती भेगाळली की तो वाढतो. वळिवाच्या विजांचा काळ नेमका उन्हाळ्याच्या अखेरीस येतो, म्हणून एप्रिलपूर्वी भूसंपर्कनाची तपासणी करून घेणे व खड्ड्यात पाणी घालणे उपयुक्त ठरते. तपासणी परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून मापकयंत्राने करून घ्यावी लागते. केवळ दिवा लावून पाहण्याने रोधाचे खरे मूल्य कळत नाही.

भूसंपर्कनाच्या जागी सॉकेटमधील तिसरी पिन न्यूट्रलला जोडण्याचा प्रकार काही ठिकाणी आढळतो. तो अत्यंत धोकादायक आहे. न्यूट्रल तुटल्यास उपकरणाच्या धातूच्या आवरणावर थेट वीज येते व स्पर्श करणाऱ्याचा प्राण जाऊ शकतो. तीन पिनांच्या खटक्याची मोठी पिन काढून टाकणे किंवा दोन पिनांचा जोड लावणे यांमुळेही भूसंपर्कनाचा लाभ मिळत नाही.

घरातील मांडणी

पूर्ण संरक्षणासाठी वितरण फलकात पुढील क्रमाने साधने बसवण्याची पद्धत आहे: मुख्य स्विच, अतिदाब-विच्छेदक, प्रकार २ चे उसळीरोधक साधन, आरसीसीबी आणि त्यानंतर प्रत्येक मंडलासाठी एमसीबी. संगणक किंवा दूरचित्रवाणी संचाच्या सॉकेटवर प्रकार ३ चे साधन जोडता येते.

उसळीरोधक साधनाला जोडणाऱ्या तारा शक्य तितक्या आखूड व सरळ ठेवाव्या लागतात. त्यांची एकूण लांबी अर्ध्या मीटरच्या आत असावी, असा संकेत आहे. एक मीटर तारेचे स्वप्रवर्तन सुमारे एक मायक्रोहेन्री असते. प्रवाह दर मायक्रोसेकंदाला १,००० अँपिअर या वेगाने वाढत असल्यास त्या एका मीटरवरच सुमारे १,००० व्होल्ट दाब निर्माण होतो आणि तो साधनाच्या शिल्लक दाबात मिळवला जातो. सुबक दिसावे म्हणून गुंडाळून ठेवलेल्या तारा त्यामुळे संरक्षण घटवतात.

दूरचित्रवाणीच्या डिश अँटेनाची केबल, दूरध्वनीची तांब्याची तार व ब्रॉडबँडची केबल हे उसळीचे अन्य प्रवेशमार्ग होत. केवळ विजेचा खटका काढून ठेवला आणि डिशची केबल जोडलेलीच राहिली, तर संच असुरक्षितच असतो. प्रकाशीय तंतूतून वीज वाहत नाही. तथापि त्याच्या मोडेमला विजेचा जोड असतोच. छतावरील सौर पटलांच्या बाबतीत एकदिश बाजूसाठी स्वतंत्र उसळीरोधक साधन लागते. प्रत्यावर्ती बाजूचे साधन तेथे चालत नाही.

महाराष्ट्रातील विजांचा हंगाम व खबरदारी

महाराष्ट्रात विजांचे प्रमाण मोसमी पावसापूर्वीच्या वळिवाच्या काळात आणि ऑक्टोबरमध्ये परतीच्या पावसात अधिक असते. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विजांची पूर्वसूचना देणारे ‘दामिनी’ हे मोबाइल ॲप विकसित केले आहे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून त्यांस ३ ने भागल्यास विजेचे अंतर किलोमीटरमध्ये अंदाजे कळते.

या काळात पुढील खबरदारी घेतली जाते.

वादळ जवळ येण्यापूर्वीच संवेदनशील उपकरणांचे खटके सॉकेटमधून काढले जातात. थेट तडाख्याच्या बाबतीत याहून खात्रीचा उपाय नाही. केवळ बटण बंद करणे पुरेसे नसते, कारण स्विचमधील काही मिलिमीटरची फट मोठी उसळी सहज ओलांडते.

वादळ डोक्यावर आल्यावर खटके काढण्यासाठी हात लावू नये. त्या क्षणी उपकरणापेक्षा माणसाचा जीव मोलाचा असतो.

वीज गेल्यावर शीतकपाट व वातानुकूलन यंत्र बंद करावे आणि पुरवठा स्थिर झाल्यानंतर तीन ते पाच मिनिटांनी सुरू करावे. तेवढ्या अवधीत कॉम्प्रेसरमधील दाब समतोल होतो.

घरातील काही दिवे प्रखर व शेजारच्या घरातील मंद झाल्यास न्यूट्रल तुटल्याची शक्यता असते. अशा वेळी मुख्य स्विच ताबडतोब बंद करून शेजाऱ्यांनाही सावध करावे आणि १९१२ या क्रमांकावर वीजपुरवठादाराला कळवावे.

खांबावरून तुटून पडलेल्या तारेजवळ जाऊ नये; ती मृत आहे असे गृहीत धरू नये.

प्रचलित गैरसमज

‘एमसीबी असल्यामुळे उपकरणे सुरक्षित आहेत.’ एमसीबी वायरिंगचे जादा प्रवाहापासून रक्षण करते. उसळी ओसरून गेल्यावरही तिचा खटका पडलेला नसतो.

‘लाल दिवा लागणारा प्रत्येक विस्तारफलक उसळीरोधक असतो.’ बाजारातील अनेक विस्तारफलकांत केवळ सॉकेट, स्विच व वीज असल्याचे दर्शवणारा दिवा असतो. उसळीरोधक फलकावर शिल्लक दाब व ऊर्जाक्षमता यांचे आकडे नमूद केलेले असतात.

‘इमारतीवर तडित्‌रक्षक आहे, म्हणून आतील उपकरणे सुरक्षित आहेत.’ तडित्‌रक्षक इमारतीचे व माणसांचे रक्षण करतो. तडाख्याच्या वेळी त्याच्या वाहकातील प्रचंड प्रवाहामुळे आतील तारांत प्रवर्तन होते. म्हणून अशा इमारतीत उसळीरोधक साधनांची गरज उलट वाढते.

‘साधन एकदा बसवले की कायमचे काम झाले.’ व्हॅरिस्टर झिजत असल्याने दर पावसाळ्यापूर्वी स्थितिदर्शक खिडकी पाहणे आवश्यक असते.

इतिहास

अठराव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील बेंजामिन फ्रँकलिन यांनी तडित्‌रक्षकाची कल्पना मांडली. एकोणिसाव्या शतकात तारायंत्राच्या लांब तारांवरून विजेचा तडाखा कार्यालयांत शिरू लागल्यावर ठिणगी-फटीवर आधारलेले रोधक वापरात आले. विसाव्या शतकात वीजवाहिन्यांवर सिलिकॉन कार्बाइडचे रोधक बसवले जात. जपानमधील मात्सुशिता कंपनीत मिचिओ मात्सुओका यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात झिंक ऑक्साइडचा व्हॅरिस्टर विकसित केला. लहान आकार व अल्प किंमत यांमुळे हे संरक्षण घरगुती उपकरणांपर्यंत पोहोचले.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. पुढील काळात दूरचित्रवाणी संच व शीतकपाट यांच्यासोबत स्टॅबिलायझरही मराठी मध्यमवर्गीय घरांत परिचित झाला. त्या काळातील मुख्य अडचण अल्पदाबाची होती. पुढे संगणक, मोबाइल व एलईडी दिवे आल्यावर विस्तृत दाबमर्यादेत चालणारी उपकरणे रूढ झाली. अल्पदाबाचा प्रश्न काहीसा मागे पडला आणि उसळीचा प्रश्न पुढे आला.

तक्रार व भरपाई

विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ४२ नुसार प्रत्येक वितरण परवानाधारकाने ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच स्थापन करणे बंधनकारक आहे. मंचाच्या निर्णयाने समाधान न झाल्यास विद्युत लोकपालाकडे दाद मागता येते. उपकरणे जळाल्यास घटनेची तारीख व वेळ, त्याच रोहित्रावरील अन्य घरांत झालेले नुकसान, लेखी तक्रारीची पोच, दुरुस्ती करणाऱ्याचा अहवाल व खरेदीच्या पावत्या जपून ठेवणे उपयोगी पडते. अनेक घरांनी एकत्रित तक्रार केल्यास बिघाड एका घराच्या वायरिंगमधील नसून वाहिनीतील आहे, हे दाखवणे सुलभ होते.

गृहविमा असल्यास पॉलिसीतील अपवाद वाचणे आवश्यक असते. विजेमुळे लागलेल्या आगीची भरपाई देणाऱ्या पॉलिसीतही केवळ अतिदाबाने जळालेले उपकरण वगळलेले असू शकते. उपकरणाच्या हमीपत्रातही अतिदाबाने झालेला बिघाड अनेकदा वगळलेला असतो. हप्त्यांवर घेतलेल्या वस्तूंच्या बाबतीत वस्तू जळाली तरी हप्ते चालूच राहतात. त्यामुळे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी हे संरक्षण विशेष महत्त्वाचे ठरते. अंथरूण पाहून पाय पसरावयाचे झाल्यास प्रथम भूसंपर्कनाची दुरुस्ती, त्यानंतर अतिदाब-विच्छेदक, मग प्रकार २ चे उसळीरोधक साधन आणि शेवटी सॉकेटवरील साधने, असा खर्चाचा क्रम ठेवता येतो. यांपैकी पहिली पायरी उपकरणांइतकीच माणसांच्या जीविताशी निगडित असल्यामुळे ती कोणत्याही परिस्थितीत टाळता येत नाही.